इंजिनिअर लोकांची संस्था

भीमेच्या पलीकडे शिरूरला घोड धरणाचे पाणी, आम्हा दौंडवाल्यांना खडकवासल्याचे. त्याच्यावरच आमचा ऊस. खडकवासल्याला १९०३ साली सर विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ते पुण्यातच इंजिनिअरिंग शिकले.

देशातल्या सगळ्या इंजिनिअरांची एक संस्था असावी, म्हणून १९२० साली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स निघाली. मुख्य कचेरी कोलकात्याला आहे. १९३५ साली तिला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, संस्था अभियंता दिन पाळते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, मागोमाग खडकवासलाही फुटले. ते परत बांधले, म्हणून आज आपल्याला पाणी आहे. धरण पक्के पाहिजे, तर इंजिनिअर हुशार पाहिजेत. मुलांनो, गणिताला घाबरू नका!