काळीवरचे घर

कला शाखेच्या विद्यार्थिनीने घराच्या पायाविषयी लिहावे, हे पुष्कळांना अस्थानी वाटेल. हा विषय अभियांत्रिकीच्या मुलांचा, असे आमचे बाबाही म्हणत. परंतु भिंतीचा तडा शाखा पाहून जात नाही. तो आमच्या घराला गेला, आणि त्याचा उलगडा करताना भूगोल व मराठी हे माझे दोन्ही विषय उपयोगी पडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर नागपूरच्या नैर्ऋत्येकडील एका लेआऊटमध्ये आहे. पूर्वी तेथे कपाशीचे शेत होते. घर बांधल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या खिडकीपासून एक तिरपा तडा निघाला आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी छतापर्यंत गेला. खाली केसाएवढा, तर वर पेन्सिल शिरेल एवढा. बाबांनी मिस्त्रीला बोलावून त्यात सिमेंट भरले. पावसाळ्यात तडा मिटू लागला, पण मिटायला जागा नव्हती. बाजूचा गिलावा फुगून गळून पडला. पुढच्या मे महिन्यात तडा पुन्हा उघडला, तोही आधीपेक्षा रुंद.

मग एक ठेकेदार आले. "साहेब, ही खोली पाडून नव्याने बांधा," असा त्यांचा सल्ला पडला. बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीतली उरलीसुरली रक्कम त्यात गेली असती. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. फक्त आजी म्हणाली, "काळीवर घर बांधलं तं ते हालणारच ना पोरी!"

आजीचा 'काळी' हा शब्द माझ्या मनात राहिला. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानले जातात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. मोल्सवर्थच्या कोशातही हा भेद नोंदवलेला आहे. शेतीची जमीन वस्तीखाली वाया घालवू नये, हा त्यामागचा एक व्यवहार झाला. परंतु काळ्या मातीवर भिंत धड उभी राहत नाही, हा अनुभवही त्या शब्दांच्या पोटात असावा, असे मला वाटते. शहर वाढले तसे आपण पांढरी सोडून काळीवर राहायला आलो, आणि शब्द मात्र मागे टाकून आलो.

ही माती अशी का वागते? नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या पठाराच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, तर पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन खडक. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा बेसाल्ट झिजून काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते; फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ या गावावरून हे नाव पडले. त्याचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात. पाणी या पानांमध्ये शिरते तेव्हा वही फुगते आणि पाणी गेले की मिटते. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. म्हणजे ही वही दरवर्षी एकदा पुरती उघडते आणि एकदा पुरती मिटते.

मातीची परीक्षा घरीही होते. विज्ञान महाविद्यालयातील एका मैत्रिणीकडून मी दोन मोजनळ्या आणल्या. अंगणातली माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळली. दोन्ही नळ्यांत दहा-दहा ग्रॅम माती घातली; एकीत रॉकेल ओतले, दुसरीत पाणी. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती जेथल्या तेथे होती आणि पाण्यातली दीडपटीहून वर चढलेली होती. रॉकेल त्या थरांत शिरून त्यांना फुगवत नाही, म्हणून ही तुलना. प्रयोगशाळांत हीच चाचणी थोड्या अधिक काटेकोरपणे करतात. ती नळी पाहून बाबा प्रथमच म्हणाले, "म्हणजे दोष भिंतीचा नाही तर."

पायाचा हा आजार केवळ आपलाच नाही. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठते. गोठताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि शिवाय खालून आणखी पाणी वर ओढले जाऊन बर्फाचे थर वाढत जातात. ते पायाला वर उचलतात आणि वसंतात वितळले की जमीन भुसभुशीत होऊन घर खचते. म्हणून तेथे गोठण जेथवर पोचते त्याच्या खाली पाया नेतात. कॅनडातील विनिपेग शहराच्या वाट्याला तर कडक हिवाळा आणि एका प्राचीन हिमसरोवराची फुगणारी चिकणमाती अशी दोन्ही संकटे आली आहेत. तेथे जे काम हिवाळा करतो, ते आपल्याकडे उन्हाळा करतो. दोन्हीकडे घर हलवणारे खरे पाणीच.

हे ध्यानात आल्यावर दुरुस्तीचा क्रमच बदलला. आधी तडा नव्हे, आधी पाणी. पण त्याहीआधी निरीक्षण. तड्यावर काचेच्या अरुंद पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या, दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला अंतर मोजून वहीत लिहिले. काच तडकली की भिंत हलली, हे उघड. वर्षभरात दिसले ते असे : तडा मार्चपासून उघडतो, जूनच्या आरंभी सर्वांत रुंद असतो आणि ऑगस्टपर्यंत जवळजवळ मिटतो. म्हणजे पाया सतत खचत नव्हता; ऋतूंबरोबर वरखाली होत होता.

मग एकच कोपरा का? उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होते. मागच्या खिडकीत कूलर बसवलेला; उन्हाळाभर त्याचे पाणी भिंतीच्या बुडाशी ठिबकत असे. तेथून चौदा-पंधरा फुटांवर, कोपऱ्याशी, मोठा कडुनिंब. एकीकडची माती कूलरने भिजत होती, तर दुसरीकडची कडुनिंब शोषून घेत होता. सारे घर एकदम वरखाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. एक टोक वर आणि दुसरे खाली, म्हणून भिंत फाटली.

कडुनिंब तोडावा असे मिस्त्रींचे मत होते. आजीने साफ नकार दिला, आणि शास्त्रही तिच्याच बाजूचे निघाले. मोठे झाड एकाएकी तोडले तर त्याने कोरडी ठेवलेली माती पुढे कित्येक वर्षे ओल धरून फुगत राहते. आम्ही फक्त फांद्या छाटल्या.

बाकीची कामे अशी केली. कूलरचे आणि न्हाणीचे पाणी नळीने दूर नेले. छताचे पाणी जोत्याशी न सोडता कुंपणापलीकडच्या नालीत सोडले. घराभोवती दीड मीटर रुंदीत वरची काळी माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरला आणि त्यावर बाहेर उतार देऊन फरसबंदी केली. मुरूमच का? नुसती रेती भरली तर तिच्यात पाणी साचते. न फुगणारा, घट्ट बसणारा मुरूम मातीला आवर घालतो. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक कट्टी यांनी अशा न फुगणाऱ्या मातीच्या थरावर मोठे संशोधन केले आहे. भिंत आणि फरशी यांच्यामधल्या फटीत सिमेंट न भरता डांबर भरले, कारण तेथे थोडी हालचाल होणारच. हे सारे झाल्यावर एक पूर्ण वर्ष जाऊ दिले, आणि मगच तडा भरला.

काचा तडकतच राहिल्या असत्या तर पायाखाली आधार देणे भाग होते. तेही सलग खणून नव्हे, तर मीटरभर लांबीचे खड्डे एकाआड एक घेऊन, काँक्रीट भरून, ते पक्के झाल्यावर मधले घ्यायचे असतात. सगळे एकदम उघडले तर घर बसते. अशी कामे जाणकार अभियंत्याविना करू नयेत. आणि ज्यांना नवे घर बांधायचे आहे, त्यांनी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने रूढ केलेल्या खांबांची चौकशी करावी. ते साधारण साडेतीन मीटर खोल, जेथे ओल बारमाही सारखी राहते तेथवर नेतात. तळाशी त्यांना दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवटा असतो, त्यामुळे माती त्यांना उपटू शकत नाही. वरची तुळई मातीपासून थोडी अधांतरी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तिला धक्का लागत नाही.

आमच्या भिंतीवर आता केसाएवढी एक रेघ उरली आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती वाढलेली नाही. खोली पाडावी लागली नाही आणि बाबांची रक्कम बँकेत शाबूत आहे. दर महिन्याच्या एक तारखेची नोंद आता तेच करतात.

आपल्या वर्गातील कितीतरी जणांची घरे अशाच लेआऊटमध्ये आहेत. कोणाच्या भिंतीला तडा गेला असेल तर सिमेंट आणण्यापूर्वी त्याने वर्षभर वही ठेवावी आणि घराभोवतीचे पाणी कोठून येते, कोठे जाते, हे पाहावे. एवढे जरी एखाद्या घरी झाले, तरी माझ्या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.