पोथी आणि तिचा वाचक : डेटाबेसच्या फाइलींचे चुकलेले संबंध

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रावरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या जतन केलेल्या आहेत. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी भरभराटीस आणला, आणि १९१८ साली तो सर्वसामान्य वाचकांसाठी खुला झाला. तेथील संस्कृत ग्रंथांच्या प्रती एकाच लिपीत नाहीत. काही देवनागरीत आहेत, काही नंदिनागरीत, काही तेलुगू लिपीत, तर काही दक्षिणेतील ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीत. तंजावरच्या मराठी राजवटीचे दप्तर मोडीत आहे. त्यातील भाषा मराठी असली, तरी आजच्या बहुतेक मराठी वाचकांना त्याची एक ओळही लागत नाही.

मोडीचा कागद हाती घेऊन केवळ देवनागरी जाणणारा मनुष्य ‘हा कागद निरर्थक आहे’ असे म्हणू लागला, तर आपण त्याला थांबवू. कागदाचा त्यात काहीच दोष नसतो. चुकीच्या वाचकाच्या हाती तो पडलेला असतो. म्हणूनच चांगल्या सूचीत ग्रंथाच्या नावाबरोबर लिपीचीही नोंद असते. आर्थर बर्नेल यांनी तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून वर्णनात्मक सूचीचे एकोणीस खंड सिद्ध केले. कोणती पोथी कोणाला वाचता येईल, हे ती सोडण्यापूर्वीच अशा सूचीवरून कळते.

संगणकातील फाइलींच्या बाबतीतही नेमकी हीच व्यवस्था लागते, आणि ती बिघडली की नेमका हाच गैरसमज होतो.

नाव, मजकूर आणि आज्ञावली

संगणकावरील प्रत्येक फाइलीच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली म्हणजे फाइलीतील प्रत्यक्ष मजकूर. दुसरी म्हणजे तिचे नाव, व त्या नावाच्या शेवटी ठिपक्यानंतर येणारी तीन-चार अक्षरे. या अक्षरांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. आपण त्यांना ‘प्रत्यय’ म्हणू. तिसरी म्हणजे ती फाइल उघडू शकणारी आज्ञावली.

फाइलीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली असता विंडोज मजकूर तपासत नाही. ते फक्त प्रत्यय पाहते. मग ‘रजिस्ट्री’ नावाच्या आपल्या नोंदवहीत जाऊन या प्रत्ययापुढे कोणती आज्ञावली लिहिली आहे ते शोधते आणि फाइल तिच्या स्वाधीन करते. वापरणाऱ्याने स्वतः एखादी आज्ञावली निवडलेली असल्यास ती निवड वेगळी नोंदलेली असते व तिला अग्रमान मिळतो. प्रत्यय आणि आज्ञावली यांच्यातील या नोंदीलाच फाइलीचा ‘संबंध’ म्हणतात. तो फाइलीच्या बाहेर असतो, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संबंध चुकला म्हणून फाइलीतील एकही अक्षर बदललेले नसते.

संबंध का चुकतात

संबंध बिघडण्याची कारणे बहुधा साधी असतात. नवी आज्ञावली संगणकावर बसविताना ती काही प्रत्यय आपल्या नावावर करून घेते. एखादी आज्ञावली काढून टाकली, तरी तिची जुनी नोंद मागे राहते. एकाच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदत असल्या, तर शेवटी वापरलेली आवृत्ती पुष्कळदा हक्क सांगते. आणि कित्येकदा वापरणाऱ्यानेच घाईत भलती आज्ञावली निवडून ‘नेहमी हीच वापरा’ अशी संमती दिलेली असते.

डेटाबेसच्या फाइलींत हा गुंता वाढतो, कारण एकच प्रत्यय अनेकांनी वापरला आहे. ‘डीबीएफ’ हा प्रत्यय डीबेसचा आणि फॉक्सप्रोचा; ओरॅकलच्या मोठ्या डेटाबेसच्या फाइलींनाही तोच देण्याचा प्रघात आहे. ‘एमडीएफ’ म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची मुख्य फाइल. परंतु तबकडीची प्रतिमा साठविणाऱ्या एका प्रकारच्या फाइलीलाही तोच प्रत्यय असतो. युनेस्कोने ग्रंथालयांसाठी प्रसृत केलेली सीडीएस-आयसिस ही आज्ञावली भारतातील पुष्कळ ग्रंथालयांनी सूचीसाठी वापरली. तिच्या मुख्य फाइलीचा प्रत्यय ‘एमएसटी’. विंडोज मात्र ‘एमएसटी’ पाहताच ती आज्ञावली बसविण्याच्या कामातील फाइल समजते. अशा वेळी जुन्या ग्रंथसूचीवर टिचकी मारणाऱ्या ग्रंथपालापुढे एक अनाकलनीय सूचना उभी राहते, आणि वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी नष्ट झाल्या असे त्याला वाटते. वास्तविक सूची जागच्या जागी असते.

खरा धोका

चुकलेल्या संबंधामुळे हानी होत नाही. हानी होते ती घाबरून केलेल्या उपायांमुळे. त्यांपैकी दोन विशेष घातक आहेत.

पहिला उपाय म्हणजे प्रत्यय बदलून पाहणे. पोथीवरची चिठ्ठी बदलल्याने आतली लिपी बदलत नाही, त्याचप्रमाणे प्रत्यय बदलल्याने फाइलीचा प्रकार बदलत नाही. उलट, मूळ प्रत्यय कोणता होता याची एकमेव खूणही पुसली जाते.

दुसरा उपाय अधिक भयंकर आहे. फाइल चुकीच्या आज्ञावलीत अर्धवट उघडते, आणि बंद करताना ‘बदल जतन करावेत काय?’ या प्रश्नाला वापरणारा सवयीने होकार देतो. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्या डीबीएफ फाइल उघडत आणि त्याच प्रकारात जतनही करीत; परंतु तसे करताना रकान्याच्या दिसणाऱ्या रुंदीपलीकडचा मजकूर कापला जाण्याचा संभव असे. ग्रंथाचे लांब नाव अर्ध्यावर तुटले, तरी पडद्यावर सारे यथास्थित भासे. ज्या हस्तलिखिताची दुसरी प्रत नाही, त्याची नोंद अशी तुटली, तर पोथी कपाटात असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने ती नाहीशी होते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे प्रत काढणे. केवळ अडलेली फाइल नव्हे, तर तिच्या शेजारच्या सर्व फाइलींसह संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ती वेगळ्या जागी सुरक्षित ठेवावी. डीबेसचा दीर्घ मजकूर ‘डीबीटी’ या सोबतच्या फाइलीत आणि फॉक्सप्रोचा ‘एफपीटी’ या फाइलीत असतो. आयसिसच्या ‘एमएसटी’बरोबर ‘एक्सआरएफ’ ही फाइल लागतेच. एकटी मुख्य फाइल उचलणे म्हणजे पोथीतील निम्मी पाने उचलण्यासारखे आहे.

दुसरी पायरी म्हणजे पूर्ण नाव पाहणे. विंडोज ओळखीचे प्रत्यय झाकून ठेवते. ते दिसतील अशी सोय फोल्डरच्या ‘व्ह्यू’ या यादीतून करून घ्यावी.

तिसऱ्या पायरीवर, काढलेल्या प्रतीतील मजकुराचा आरंभ तपासावा. त्यासाठी फाइलीतील आकडे जसेच्या तसे दाखविणारी साधी आज्ञावली पुरते. पुष्कळ फाइली आरंभीच आपली जात सांगतात. एसक्यूलाइटची फाइल स्वतःच्या नावानेच सुरू होते. अ‍ॅक्सेसच्या जुन्या फाइलीत आरंभीच्या चार खुणांनंतर ‘स्टँडर्ड जेट डीबी’ असे शब्द रोमन लिपीत दिसतात, तर २००७ नंतरच्या प्रकारात ‘जेट’च्या जागी ‘एस’ असते. डीबेस-तीनच्या फाइलीची पहिली खूण ०३, आणि दीर्घ मजकुराची जोडफाइल असल्यास ८३. व्हिज्युअल फॉक्सप्रोची खूण ३०. नावापेक्षा ही साक्ष अधिक विश्वसनीय मानावी.

चौथी पायरी निर्णायक आहे. फाइलीवर टिचकी न मारता योग्य आज्ञावली आधी सुरू करावी आणि तिच्या ‘ओपन’ या सोयीतून प्रत उघडावी. ती व्यवस्थित उघडली, तर फाइल निर्दोष असून केवळ संबंध चुकला आहे हे सिद्ध होते. येथे आवृत्तीकडेही लक्ष द्यावे. अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातील फाइल २०१३ पासूनच्या आवृत्त्या उघडत नाहीत. त्यासाठी मधली एखादी आवृत्ती शोधावी लागते.

यानंतरच संबंध दुरुस्त करावा. फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ निवडावे, इष्ट आज्ञावली दाखवावी आणि ‘ऑल्वेज’ म्हणून ती निवड कायम करावी. ‘सेटिंग्ज’मधील ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ या विभागातूनही प्रत्ययवार निवड करता येते. आज्ञावलीची स्वतःची नोंदच बिघडली असेल, तर ती ‘रिपेअर’ करावी किंवा पुन्हा बसवावी. रजिस्ट्रीत हाताने फेरफार करणे हा शेवटचा मार्ग होय. तोही त्या नोंदीची प्रत काढल्यानंतरच.

एक अपवाद सांगितला पाहिजे. एसक्यूएल सर्व्हर किंवा ओरॅकल यांच्या फाइली टिचकीने उघडण्यासाठी नसतातच. त्या सर्व्हरच्या ताब्यात असतात व त्याच्यामार्फतच वाचाव्या लागतात. त्यांना कोणताही संबंध जोडू नये.

फाइल उघडली, अक्षरे लागत नाहीत

योग्य आज्ञावलीत फाइल उघडूनही मराठी वा तमिळ मजकुराच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात, असाही अनुभव येतो. हा संबंधाचा दोष नव्हे. भारतीय भाषांतील जुना मजकूर पुष्कळदा ‘इस्की’ या संकेतप्रणालीत (भारतीय मानक १३१९४, १९९१) किंवा विशिष्ट फाँटच्या खाजगी संकेतात भरलेला आहे, आणि आजचे संगणक युनिकोड गृहीत धरतात. अशा मजकुराचे रूपांतर करावे लागते, आणि तेही प्रतीवर. येथेही अक्षरे हरवलेली नसतात. मोडीतला मजकूर देवनागरी समजून वाचला जात असतो, इतकेच.

जी फाइल उघडत नाही ती बिघडली आहे, हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. आधी तिची प्रत काढावी, मग तिची जात ओळखावी, आणि मग तिला तिचा वाचक गाठून द्यावा. एवढा धीर धरला, तर हरवल्या म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी नोंदी पुन्हा हाती लागतात.