पात्याच्या मागे उभी राहतेस ना, मग ऐक

अगं, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मागून फळ्या मीच धरते, वेगळा पोरगा ठेवायला परवडत नाही." तेव्हापासून मनात तेच घोळतंय. दुकानाला तू हातभार लावतेस, याचा मला अभिमान आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या आपण, लाकडाचं काम आपल्याला नवं नाही. पण आबांची करवत हातानं चालायची. कातडीला दात लागला की हात आपसूक थांबायचा. कटर मशीनचं तसं नाही. 10 इंची पातं मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी 140 किलोमीटरच्या वर जातो. लागलं हे कळेपर्यंत बोट गेलेलं असतं. म्हणून आज मशीन चालवणाऱ्या पाहुण्यांना, म्हणजे तुझ्या मालकांना नाही, तुलाच सांगते.

धोका फक्त समोर कापणाऱ्याला, असं सगळ्यांना वाटतं. पण लाकूड उसळतं ते मागच्या बाजूनं. पात्याचे पुढचे दात फळीला खाली टेबलावर दाबतात, मागचे दात वर येताना तिला उचलतात. कापलेली फट मागे मिटली, किंवा फळी जरा तिरकी होऊन पात्याला घासली, की ते दात तिला पकडतात आणि गोफणीतून दगड सुटावा तशी ती कापणाऱ्याच्या अंगावर येते. मागून फळी धरलेला तुझा हातही त्या झटक्यात पात्यावर जाऊ शकतो. आणि फळी तिरकी व्हायचं एक नेहमीचं कारण म्हणजे मागच्या माणसानं ती ओढणं.

तेव्हा तुझं पहिलं पथ्य हे. ओढायचं नाही, फक्त पेलायचं. ढकलायचं काम त्यांचं. फळी टेबलाच्या उंचीलाच राहू दे. ना वर उचल, ना खाली दाब, ना बाजूला खेच. तुझा हात टेबलाच्या कडेच्या आत येता कामा नये. पात्याजवळ तुकडा अडकला तर मशीन बंद करून पातं पूर्ण थांबेपर्यंत त्याला हात लावू नकोस. याहून चांगली सोय म्हणजे मागे त्याच उंचीचं दुसरं टेबल मांडायचं. मग लांब फळीला तुझ्या हातांची गरजच उरत नाही.

आता तुमचं मशीन नीट बघ. आपल्याकडे हातकटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवतात आणि त्याचं झाकण काढून टाकतात. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी हवी. ती फट मिटू देत नाही. ही पट्टी जाडीला पात्याच्या पत्र्यापेक्षा कमी नको आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा जास्त नको. चांगला फॅब्रिकेशनवाला माप घेऊन ती करून देईल. पातं लाकडाच्या वर दातभरच निघावं, उगाच उंच नको. फळी ज्या गाईडला टेकवून चालवतात, ते पात्याला समांतर आहे का, हे पुढून आणि मागून टेपनं मोजायचं. अरुंद पट्टी चिरायची असेल तर टोकाला खाच पाडलेली काठी हवी. प्लायच्या तुकड्यातून ती फुकट होते. हात पात्यापासून वीतभर लांब, त्याच्या आत काठीच. आणि पाहुण्यांनी पात्याच्या रेषेत उभं राहू नये, एका बाजूला राहावं. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून काम उरकत असतील, तर तेवढं मात्र आजच बंद करायला लाव. ग्राइंडरचे फेरे त्या पात्याला झेपणारे नसतात, आणि ते अडकलं की मशीन हातातून उसळतं.

लाइटीचं तर तुला सांगायलाच नको. काम ऐन रंगात असताना लाइट जाते, मशीनचं बटण चालूच राहतं. पातं थांबलं म्हणून कुणी भुसा झाडायला हात घालतो, आणि तेवढ्यात लाइट येते. आपल्या शेतातल्या मोटारीला स्टार्टर असतो बघ. लाइट गेली की त्याची कॉइल सुटते, आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा चालू होत नाही. तसाच स्टार्टर मशीनला बसवून घ्या, आपोआप चालू करणारा ऑटो स्विच न जोडता. लाल बटण पाहुण्यांच्या हाताशी असू दे, आणि दुसरं तुझ्या बाजूलाही काढून घ्या.

जुन्या लाकडाची एक गोष्ट. आपल्या भागात माळवदाची घरं उतरवली की त्यांच्या तुळया, खांब नि कड्या दारं-चौकटींसाठी येतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली राहायला लोक धास्तावले, त्यामुळे असं लाकूड पुष्कळ निघालं. सागवान उत्तम असतं, पण आत मोडलेले खिळे दडलेले असतात. पातं खिळ्यावर गेलं की दाताचा तुकडा उडतो. लोहचुंबक फिरवून लाकूड तपासायचं काम तू अंगावर घे. डोळ्यांना चष्मा मात्र दोघांनीही लावायचा.

मशीनपाशी जाताना पदर खोचून वर जुना शर्ट घाल, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमड, वेणीचा अंबाडा बांध, मंगळसूत्र आत घाल, बांगड्या काढून ठेव. त्यांच्या गळ्यातली दस्तीही काढायला लाव. हातमोजे चालत्या पात्यापाशी नकोत, कारण मोजा अडकला की पूर्ण हात ओढला जातो. पोरांना भुश्यात खेळू देऊ नकोस. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत कपाटं पुरी करायची घाई असते. थकलेल्या हातांनी रंग, पॉलिश करावं, कटिंग सकाळी.

कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 21 नं धोकादायक यंत्राला आडोसा लावणं बंधनकारक केलं होतं. पण दोघांच्या दुकानात तपासायला कुणी येत नाही. तिथं लक्ष ठेवणारी तूच. "मला सवय आहे" असं ते म्हणतील. त्यांना सांग, अमेरिकेत तयार झाकणाची, पट्टीची मशीनं मिळतात, तरी टेबल सॉमुळं, म्हणजे अशाच टेबलावरच्या कटरमुळं, वर्षाला अंदाजे 30,000 माणसं जखमी होऊन दवाखान्यात जातात. गिऱ्हाइकासमोर बोलू नकोस. सकाळी चहाच्या वेळी शांतपणे बोल. "मी मागे उभी राहणार असेन, तर थांबा म्हटल्यावर मशीन थांबलं पाहिजे," एवढं ठामपणे सांग. यात त्यांचा अपमान नाही.

देव न करो, पण बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा आणि 108 ला फोन करायचा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचं नाही. हळद, चुना काही लावायचं नाही. बोट जोडणारे सर्जन लातूरला, अंबाजोगाईला की आणखी लांब मिळतील, हे आजच विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेव.

20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोघांचीही काढा. पण त्या विम्यात एक हात पूर्ण निकामी झाला तर 1 लाख मिळतात, नुसतं बोट गेलं तर काहीच नाही. सुताराचं तर पोटच बोटांवर. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा, म्हणजे घरचे पैसे स्टार्टर नि पोलादी पट्टीसाठी मोकळे होतील.

एवढं करच. पट्टी, काठी आणि स्टार्टर, ही तिन्ही कामं होईपर्यंत मागे उभी राहू नकोस. पाहुणे रागावले तर माझं नाव सांग, मी बोलते त्यांच्याशी.