व्रणोपचारातील पत्रदान आणि केळीच्या पानाचे आवरण

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘पत्रदान’ आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि पुढे विसरतो. लेप व पट्ट यांच्यामध्ये पान ठेवावे, म्हणजे औषधातील स्नेह व सार कापड शोषून घेत नाही, असे कारण ग्रंथातच दिले आहे. पान कोवळे, मृदू, अखंड व किडीने न खाल्लेले असावे, हेही तेथेच सांगितले आहे.

दग्धव्रणात याचे महत्त्व विशेष आहे. कोरडा गॉज स्रावासह वाळून चिकटतो आणि पट्टी बदलताना नव्याने येणारी त्वचा सोबत निघून येते. व्यवसायाच्या प्रारंभी मीही असे गॉज ओढून काढले आहेत. रुग्णाच्या त्या किंकाळ्या आमच्या पट्टीच्या होत्या, दाहाच्या नव्हेत.

या संदर्भात मुंबईतील कार्य अभ्यसनीय आहे. वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आवरण वापरले. त्याचा प्राथमिक अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी केळीचे पान योजले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, त्वचेची पूर्ण जाडी न जळालेल्या दग्धव्रणांवर दोन्ही आवरणे सारखीच गुणकारी ठरली. पान मात्र तयार करण्यास सोपे व पुष्कळ स्वस्त. त्याचा मेणचट पृष्ठभाग व्रणाला चिकटत नाही. ही पाने कागदावर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केली जात, हे विसरू नये. झाडावरून तोडलेले पान तसेच व्रणावर ठेवणे हा पत्रदानाचा विपर्यास होय.

अग्निदग्ध व्रण व मधुमेहींच्या पिडका बांधू नयेत, असे सूत्रस्थानात म्हटले आहे. माझ्या मते हा निषेध बंधनाचा आहे, सैल आवरणाचा नव्हे. वैद्यबंधूंचे मत भिन्न असू शकेल. खोल वा विस्तृत दाह मात्र रुग्णालयातच पाठवावा.

औषधनिर्मात्यांसाठी दोन गोष्टी. नागपूरच्या मे महिन्यात कोवळे पान लवकर करपते, म्हणून ते ताजे असतानाच निर्जंतुक करून बंद पाकिटात ठेवावे लागेल; विक्रीसाठी निर्जंतुक पट्टी करणे हा वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांचा विषय आहे. दुसरे, पानामागे प्लास्टिकचा थर दिला की त्याची विघटनशीलता संपली. आणि पान मातीत कुजते म्हणून वापरलेली पट्टी उकिरड्यावर टाकता येत नाही. रक्त-पू लागलेली पट्टी जैववैद्यकीय कचरा ठरते. ती २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीतच गेली पाहिजे.