घराचा पंचनामा होतो, अंगणवाडीचा कोण करणार?

ताईंनो, पुरात घराची भिंत पडली की आपण लगेच तलाठ्याला बोलावतो. पण सूरजागडकडच्या एखाद्या टोल्यावर अंगणवाडीत पाणी शिरलं, नळाची पाइपलाइन वाहून गेली, तर? ते सगळ्यांचं, म्हणून कुणीच सांगत नाही.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत 75 टक्के पैसा केंद्राचा, 25 टक्के राज्याचा. त्यातून शाळा, अंगणवाडी, गावातले रस्ते, पाणीपुरवठा यांची तातडीची दुरुस्तीही होऊ शकते. नवीन इमारत मात्र या तातडीच्या दुरुस्तीत बसत नाही.

गाळ काढायच्या आधी फोटो काढा. (आपण आधी झाडू घेतो, पुरावाच जातो!) ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत एटापल्ली तहसीलला. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत नुकसानीची यादी वाचून ठरावात घ्यायला लावा.