मागचा अनुभव : तराफा की ओझे?



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो. देव्हारा हलविला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली. पण मनात चाळीस-पन्नास वर्षे जे साठले आहे, त्याचे काय करायचे? भीती, अपमान, राग आणि जुन्या सवयी काही नदीत सोडून देता येत नाहीत. हा प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा तो टाळू नये. आजच्या पाठात त्याचाच विचार करू.

१. मागचा जन्म नव्हे, मागचा अनुभव

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या वाडवडिलांना पिढ्यानपिढ्या असे सांगण्यात आले की, तुमची ही दशा म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. सटवाईने पाचवीच्या रात्री कपाळावर जे लिहिले, ते पुसता येत नाही. म्हणून सोसा.

तथागतांनी हे मत मान्य केले नाही. माणसाच्या वाट्याला येणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते, या मताचा समाचार अंगुत्तर निकायातील तिकनिपातात घेतलेला आहे. तेथील युक्तिवाद साधा आहे. सर्व काही पूर्वकर्मानेच ठरत असेल तर हिंसा करणारा आणि चोरी करणाराही पूर्वकर्मामुळेच तसे करतो, असे म्हणावे लागेल. मग हे करावे आणि ते करू नये, या बोलण्याला अर्थ उरत नाही. प्रयत्नालाही जागा राहत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनीही, गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते ही कल्पना बुद्धाच्या शिकवणीशी जुळत नाही, असेच दाखवून दिले.

म्हणजे अस्पृश्यता कोणाच्या कपाळावर लिहिलेली नव्हती. ती माणसांनी माणसांवर लादलेली होती. मात्र याच जन्मात जे भोगले त्याचा ठसा मनावर राहतो, हे खरे आहे. तो ठसा पुढे कधी उपयोगी पडतो, तर कधी आडवा येतो. कसा, ते पाहू.

२. दोन दृष्टान्त

मज्झिम निकायात अलगद्दूपम नावाचे सुत्त आहे. त्यात तथागतांनी दोन दृष्टान्त दिले आहेत. साप शेपटीला धरला तर तो उलटून चावतो. काठीने मान दाबून नीट धरला तर चावू शकत नाही. साप तोच, फरक धरण्यात आहे. दुसरा दृष्टान्त तराफ्याचा. तराफ्यावरून माणूस नदी पार झाला. आता उपकार केले म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन रानोमाळ हिंडणे शहाणपणाचे नव्हे.

तथागतांनी हे धम्माविषयीच सांगितले आहे. धम्मसुद्धा चुकीचा धरला तर अपाय होतो, आणि तो पार होण्यासाठी आहे, मिरविण्यासाठी नाही. जे धम्माला लागू, ते आपल्या अनुभवाला लागू नाही काय?

३. बाबासाहेबांनी अनुभव कसा धरला

१९०१ साली नऊ वर्षांचा भीम आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे निघाला. मसूर स्थानकावर ही मुले उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि गाडीवाले बैल जुंपीनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. जवळ डबा होता. पण पाणी कोणी देईना म्हणून मुले उपाशी निजली. पुढे १९१७ साली, परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेलेल्या त्याच भीमरावांना, काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी राहत्या जागेतून बाहेर काढले.

या गोष्टी बाबासाहेब विसरले नाहीत. पहिल्या प्रसंगानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी त्यांनी त्या लिहून काढल्या. पण त्यांना कवटाळून ते बसले नाहीत. ज्या मुलाला रात्रभर पाणी मिळाले नव्हते, तोच २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेला. त्या एका रात्रीतून महाड घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे अभ्यास होता, संघटन होते. पण तहान म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आणि सूड म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाचे पाणी तोडले नाही. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली. साप मानेला धरणे ते हेच.

४. आजीचे सुईणपण

आमच्या वस्तीतील एका आजींनी तरुणपणी गावात सुईणपण केले. दीक्षेनंतर त्यांना वाटू लागले की आपले सगळे आयुष्यच चुकले. पाचवीला सटवाई पुजली, नारळ फोडले, अंगारे लावले. म्हणजे सारेच अंधश्रद्धेत गेले.

सारेच नाही. नारळ आणि अंगारा सोडायचा. पण अडलेल्या बाईजवळ रात्र जागून काढणे, तिला धीर देणे आणि तिची जात न विचारणे, ही तर करुणाच होती. ती त्यांनी धम्माचे नाव ऐकण्यापूर्वीच आचरली होती. आज त्या वस्तीतील गरोदर लेकीसुनांना वेळेवर दवाखान्यात नेतात. त्यांचा शब्द सुना ऐकतात, कारण त्यामागे तीस वर्षांचा अनुभव आहे. हे जात्यावरच्या ओवीसारखेच आहे. ज्या गळ्याने देवांच्या ओव्या गायल्या, त्याच गळ्याने आपल्या आयाबायांनी भीमाच्या ओव्या गायल्या. गळा टाकून द्यावा लागला नाही.

५. माझी चूक

दुसऱ्यांची उदाहरणे देऊन थांबणे बरे नव्हे, म्हणून माझे सांगते.

मी शाळेत असताना शिष्यवृत्तीचे अर्ज आले की गुरुजी भर वर्गात म्हणत, “शिष्यवृत्तीवाले उभे राहा.” आम्ही चौघे-पाचजण उभे राहत असू आणि सगळा वर्ग वळून पाहत असे. मी शिक्षिका झाल्यावर एक नियम केला. असे अर्ज मी मुलांना एकेकटे बोलावून, हळूच भरून घेते. माझा अपमान तेवढ्यापुरता कामी आला.

पण तोच अनुभव दुसरीकडे मला चावला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील एक मुलगा हंगाम संपल्यावर वर्गात आला. वही अर्धी, गृहपाठ नाही. मी त्याला उभे केले आणि म्हणाले, “आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो. तुला काय झाले?” मला वाटले, मी त्याला जिद्द शिकवीत आहे. तो आठ दिवस शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, “बाई, वर्गात उभं केलंत म्हणून येत नाही म्हणतो.”

त्या शब्दाने मला माझी जागा दाखविली. मी जे सोसले, ते मी दुसऱ्याला मोजण्याचे माप केले होते. माझ्या कष्टांचा मला अहंकार झाला होता. मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो शाळेत आला. पण महिनाभर माझ्याकडे मान वर करून पाहत नव्हता.

आपल्यापैकी जे शिकले, नोकरीला लागले, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. “आम्ही सोसले, तुम्ही का नाही?” हे वाक्य ज्या घरात वारंवार ऐकू येते, तेथे तराफा डोक्यावर चढला आहे असे समजावे.

६. घरी करावयाचा अभ्यास

पौर्णिमेला किंवा रविवारी वंदनेनंतर सर्वांनी एकत्र बसावे. वडील माणसांनी आपला एक अनुभव सांगावा, मुलांनी मध्ये न बोलता ऐकावा. मग पुढील प्रश्नांवर बोलावे.

(अ) या अनुभवाने मला काय शिकविले, जे आजही उपयोगी आहे?
(आ) त्यातील कोणती भीती किंवा कटुता मी विनाकारण वाहत आहे?
(इ) जे मला भोगावे लागले, ते माझ्या हातून सुनेला, मुलाला किंवा माझ्याहून दुबळ्या माणसाला भोगावे लागते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात अवघड आहे. ते देताना आवाज खाली येईल. येऊ द्यावा. सम्यक स्मृती म्हणजे केवळ मागचे आठवणे नव्हे. या क्षणी मी काय करीत आहे याचे भान ठेवणे, हे तिचे खरे काम आहे. झाले ते बदलता येत नाही. ते कसे धरायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.