हजेरीच्या वहीतला जाच

बांधकामाच्या साइटवर कामगाराला होणारा सर्वांत चिवट जाच हजेरीच्या वहीतून होतो. शिवीगाळ होते, अंगावर धावून जाणेही होते; पण ते चार जण पाहतात. वही मुकादम एकटाच लिहितो. उलट बोलणाऱ्याचा पूर्ण दिवस अर्धा होतो, कधी सरळ खाडा पडतो आणि कामगाराला ते हिशेबाच्या दिवशी कळते.

याचे मूळ कामाच्या उतरंडीत आहे. बिल्डर ठेकेदाराला काम देतो, ठेकेदार सेंटरिंग, प्लास्टर, फरशी वेगवेगळ्या पोटठेकेदारांना वाटतो, आणि माणसे आणतो मुकादम. स्लॅबची तारीख चुकली की वरचा राग एकेक पायरी उतरत बिगाऱ्यापर्यंत येतो. त्याने गाव सोडताना उचल घेतलेली असते. साइटवर आठवड्याला खर्ची मिळते, बाकीची मजुरी मुकादमाकडे अडकते. काम सोडले तर ती बुडेल, या धास्तीने माणूस मुकाट सोसतो. खरे तर उचल फिटेपर्यंत कामगाराला डांबून राबवणे 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

प्रस्तुत लेखकाने सुपरवायझर म्हणून काम केलेल्या एका साइटवर बाहेरच्या प्लास्टरसाठी एका गवंड्याने सेफ्टी बेल्ट मागितला. ‘बेल्ट पाहिजे तर उद्यापासून येऊ नको,’ असे उत्तर मिळाले. त्या आठवड्याच्या हिशेबात त्याचे दोन खाडे निघाले. दोन्ही दिवस तो सर्वांदेखत परांचीवर होता, पण हातात दाखवायला कागद नव्हता.

म्हणून कामगाराने स्वतःची हजेरी स्वतः ठेवावी: तारीख, इमारत, मजला, काम आणि सोबतच्यांची नावे. लिहिता येत नसेल तर जोडीदाराकडून लिहून घ्यावी, रोज मोबाइलवर कामाचा फोटो काढावा. खर्ची रोख मिळाली तर वहीत मुकादमाची सही घ्यावी. बँक खात्यावर मिळाली तर उत्तमच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हा नियम नव्या कामगार संहितेतही आहे. तेव्हा मुकादमाशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा चौघांनी मिळून ही नोंद कामगार कार्यालयात द्यावी. एकट्याला हुसकावणे सोपे असते.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागील वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ‘दाखला देणार नाही’ हीसुद्धा नेहमीची धमकी असल्याने तो भांडण नसतानाच मागून ठेवावा.

बाईमाणसावर हा जाच दुहेरी असतो. छळ लैंगिक असेल तर 2013 च्या कायद्यानुसार तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते; दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जातीवरून केलेल्या शिवीगाळीसाठी मात्र थेट पोलीस ठाणे गाठावे.

नवख्या इंजिनिअरची कोंडी निराळी. सळयांची तपासणी न करताच त्याच्याकडून तपासणीच्या कागदावर सही मागितली जाते. नकार दिला की सर्वांसमोर पाणउतारा होतो. काँक्रीट पडल्यावर सळया दिसत नाहीत, दिसते ती फक्त सही. त्यामुळे त्याने हरकत पंप सुरू होण्याआधीच साइटच्या नोंदवहीत लिहावी, सळयांचे फोटो घ्यावेत आणि वरिष्ठांना त्याच वेळी ईमेल पाठवून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.